बीरगांवात गाडी चमकवताना

रायपूरजवळच्या बीरगांवात चकचकीत गाडी बाळगायची म्हणजे जरा हट्टाचंच काम. एका अंगाला उरला, थोडं पुढे सिलतरा. दोन्हीकडे स्पंज आयर्नचे कारखाने आणि रोलिंग मिल. सकाळी टपावरून बोट फिरवलं की घरभर पुरेल इतकं काजळ निघतं. त्या धुळीजवळ चुंबक धरा, तिच्यातले बरेच कण टुणकन त्याला चिकटतात.

तरी रोज सकाळी गल्लीतले गृहस्थ जुन्या बनियनचं कोरडं फडकं घेऊन गाडीला प्रदक्षिणा घालत असतात. भक्ती शंभर टक्के खरी. पण रंगावरचा जो पारदर्शक थर, क्लिअर कोट, तो साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही बारीक. त्यावर लोखंडाची भुकटी घासली की उन्हात गोल गोल ओरखड्यांचं जाळं उमटतं. मग ते घालवायला रबिंग-पॉलिश करायचं. पॉलिश रंगाला काही देत नाही. त्याच थराचा थोडा हिस्सा खरवडून नेतं. ही उधारी फार वेळा चालत नाही.

नवशिक्याला दुकानात आधी पॉलिशचं मशीन दाखवतात, मग सिरॅमिक कोटिंगची बाटली आणि तिच्यावरचं रुबाबदार '९एच'. ते पेन्सिलीने ओरखडा काढून मोजायच्या कठीणपणाचं माप आहे, हिऱ्याशी त्याचा संबंध नाही. माझं ऐकाल तर दोन्ही तूर्त राहू द्या. दोन बादल्या घ्या, एक साबणाची, एक हातमोजा खळबळायची. गाडीचा सौम्य शांपू आणि मायक्रोफायबरचे चार टॉवेल घ्या. भांड्यांचा साबण नको, तो मेणही धुऊन नेतो.

बीरगांवकरांनी यात भर घालायची ती आयर्न रिमूव्हरची. पार्लरमध्ये केस कुरळे करायला जे रसायन वापरतात, त्याच कुळातलं हे. वास सडक्या अंड्याचा. सावलीत, गार पत्र्यावर फवारायचं, वाळू न देता धुवायचं. लोखंड भेटलं की ते जांभळं होतं. पांढऱ्या गाडीवरून जांभळे ओघळ वाहताना पाहून शेजारच्या वहिनी कुंपणावरून विचारतात, "भाऊजी, गाडीला मार लागला का हो?"

त्यानंतर हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्यावरून फिरवा. खरखर लागली तर क्ले, म्हणजे रुतलेले कण उचलणारा मऊ गोळा, फिरवा, पण भरपूर शांपूपाण्याबरोबर. क्लेचा गोळा जमिनीवर पडला तर मन घट्ट करून फेकून द्या. शेवटी मेण. कार्नोबा ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांतून येतं, पण रायपूरच्या नौतप्याच्या कडक उन्हात फार दिवस तग धरत नाही. इथे कृत्रिम सीलंट बरा.

एवढं सगळं निभावलं की दसरा येतो. आई ओल्या हळदकुंकवाने बॉनेटवर स्वस्तिक काढते, आणि दुसऱ्या दिवशी ते वाळलेलं कुंकू कोणीतरी त्याच बनियनने पुसतं. स्वस्तिक काचेवर काढ, असं मी सुचवून पाहिलं. आईने आत बसून पाहिलं आणि विचारलं, "इथून उलटं दिसतंय, त्याचं काय?"

स्वस्तिक बॉनेटवरच निघतं. बनियन मात्र आता आधीच लपवून ठेवतो.