गांधीलमाश्यांच्या पाळतीवर

ऐकलंत का? बँकेतून निवृत्त झालेले आमच्या विंगमधले काका हल्ली सकाळी पार्किंगमधल्या गळक्या नळापाशी पालथे पडलेले असतात. पहिल्यांदा वॉचमन घाबरून धावला, तर काका त्याच्यावरच खेकसले, "हलू नकोस, ती चिखल न्यायला आलीये!"

ती म्हणजे कुंभारीण. पिवळ्या पायांची, सुतासारख्या कमरेची.

आणि हे एकटेच नाहीत हो! पक्षी बघणारी सभ्य मंडळी, फुलपाखरांवर समाधानी असलेल्या पोरी, सगळे या नादाला लागलेत. मोबाइलला मॅक्रो लेन्स, फ्लॅशपुढे बटर पेपर, आणि कुणाच्या सज्जाखाली घरटं आहे याची खडान्‌खडा माहिती. शेजाऱ्याचं आडनाव विचारा, आठवत नाही!

बरं, फोटो कसले? परक्या संसारातले. कुंभारीण चिखलाची गोळी जबड्यात धरून येते, गुणगुणत भिंत लिंपते. वाटतं, काय गुणाची बाई! आत बघाल तर कोळ्यांची रास. मेलेले नाहीत, नांगी मारून लुळे केलेले. अळीला अन्न ताजं मिळावं म्हणून. त्यात एक अंडं, वरून चिखलाचं बूच. बाई बाहेर गेली की मोरपंखी झगमगाटातली दुसरीच एक माशी हळूच शिरते, आपलं अंडं त्या घरात ठेवते आणि पसार! आमचे काका या दुसरीवर लट्टू आहेत. ती क्षणभर स्थिर बसत नाही, म्हणून फोटो येत नाही, म्हणून काकांना झोप येत नाही.

पाचूच्या रंगाची एक तर झुरळाच्या थेट मेंदूत नांगी खुपसते. मग त्या धडधाकट झुरळाला मिशीला धरून बिळात नेते आणि तेही मुकाट जातं. काकू म्हणाल्या, "यात फोटो काढण्यासारखं काय? घरोघरी हेच." असो.

दोष तरी कुणाला द्यायचा? निको टिनबर्गन हॉलंडच्या वाळूत मधमाश्या मारणाऱ्या माशीच्या बिळाभोवती पाइनची बोंडं मांडत बसले. ती घर कशी ओळखते, ते बघायला. त्यांना पुढे १९७३ साली नोबेलही मिळालं! आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर काही दशकं गांधीलमाश्यांच्या भाऊबंदकीत रमले. एकेकीच्या अंगावर रंगाचे ठिपके द्यायचे आणि कोण कुणाशी भांडते ते टिपायचं. त्यांच्या माश्यांची राणी अगदी गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण तिला घरट्यातून काढलं की काही मिनिटांत एक कामकरीण एकदम आक्रमक होते, आणि तीच पुढची राणी! वारस कोण ते माणसाला आधी ओळखता येत नाही. माश्यांना मात्र ठाऊक असावं, कारण बाकीच्या निमूट मान्य करतात. नर? काही दिवस घरट्यात फुकट खातात आणि चालते होतात. नांगीसुद्धा नसते मेल्यांना! सांगा, कुठल्या मालिकेत आहे एवढा मसाला?

तेव्हा वहिनी, तुमच्या सज्जाखालचं ते कागदी घरटं येण्याजाण्याच्या वाटेवर नसेल तर इतक्यात झाडू घालू नका. बघायचंच तर लांबून बघा, धक्का लावू नका, फुंकर तर मुळीच घालू नका. आणि आमच्या काकांना एक मिस्ड कॉल द्या.