दिसतो आकडा, असतो मजकूर

महिनाअखेर आली की पगारपत्रकाचा मॅक्रो जाहीर करतो : कर्मचारी क्रमांक ४१७ अस्तित्वात नाही. ४१७ टेबलासमोर उभा असतो. हजेरीच्या शीटवर त्याचा क्रमांक असतो, वेतनाच्या शीटवरही असतो. फरक एवढाच, की एकीकडचा ४१७ हा आकडा आहे आणि दुसरीकडचा मजकूर. आधारवर ‘रमेशराव’ आणि सातबाऱ्यावर ‘रमेश’ म्हणजे माणसे दोन, हा न्याय एक्सेल कुठे शिकले कोण जाणे! बिचारे कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दाखवून सावध करते. आपण त्याला नक्षी समजतो.

वाद घालण्यात अर्थ नाही. २०२० साली जनुकशास्त्रज्ञांनीही हात टेकले. ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ या जनुकांच्या एक्सेल तारखा करायचे, म्हणून शेवटी जनुकांचीच नावे बदलली. सोळा आकडी खाते क्रमांक आकडा म्हणून भरा, सोळाव्या जागी निमूटपणे शून्य बसते.

मॅक्रोत पगारासाठी इंटिजर ठेवला होता. त्याची धाव ३२,७६७ पर्यंत. त्यापुढे एरर ६, ओव्हरफ्लो. ते तासाभरात दुरुस्त झाले, कारण त्यात साहेबांचा पगार अडकला होता.

४१७ साठी मात्र जाणकार बोलावला गेला. त्याने एकच ओळ टाकली : ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’. चूक झाली तरी पुढे चला! कचेरीचे ब्रीदवाक्यच ते. मॅक्रो विनातक्रार धावला. फक्त व्हीलुकअपला ४१७ सापडला नाही तेव्हा रकमेसाठी ठेवलेल्या खोक्यात आधीच्या माणसाची रक्कम तशीच राहिली, आणि आधीचे ४१६ म्हणजे खुद्द उपसंचालक. शिपायाला उपसंचालकांचा पगार मिळाला. त्या महिन्यात एररची तक्रार एकही आली नाही.

खरा उपाय चार ओळींचा. दोन्हीकडचे क्रमांक मजकुरात बदलायचे, मागचीपुढची मोकळी जागा छाटायची, उत्तर व्हेरिअंटमध्ये घ्यायचे आणि वापरण्याआधी ते एरर तर नाही ना, हे तपासायचे. पण चार ओळींसाठी समिती नेमता येत नाही.

म्हणून परिपत्रक निघाले. प्रत्येक कर्मचाऱ्याने आपला क्रमांक हा आकडाच असल्याचे स्वयंघोषणापत्र दोन प्रतींत द्यावे. क्रमांक अंकी व अक्षरी लिहावा.