अठ्ठेचाळीस तास थांबा

नरखेड तालुक्यात ‘कोर्स केलेली’ हे विशेषण पदवीधर मुलीला लावत नाहीत. ते राखून ठेवलेले असते ते दहावी-बारावीनंतर ब्युटी पार्लरचे किंवा दुकानातील विक्रीचे, आणि एवढ्याने समाधान न झाल्यास दोन्हींचे, प्रशिक्षण घेऊन आलेल्या मुलीसाठी. मोवाडपासून जलालखेड्यापर्यंत अशी मुलगी भेटतेच, आणि तिच्यासमोर बसलेल्याचा हात आपसूक स्वतःच्या गालाकडे जातो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजेच आयटीआयमध्ये, कॉस्मेटॉलॉजी हा दहावीनंतरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असून त्वचा, केस आणि नखे यांची निगा हा त्याचा विषय आहे. वर्ष संपते, अभ्यासक्रम मात्र अंगातून उतरत नाही.

या शास्त्रातील तिची आवडती संज्ञा ‘पॅच टेस्ट’. केसांचा कलप लावण्यापूर्वी त्याचा थेंब कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूस लावून अठ्ठेचाळीस तास वाट पाहायची, कारण बहुतेक कलपांत असणाऱ्या पीपीडी या रसायनाने काहींना पुरळ येते, क्वचित चेहरा सुजतो, असा तिचा अर्थ. अभ्यासक्रमाच्या दृष्टीने तिची हद्द कानामागे संपते. कोर्स केलेलीला ही हद्द मान्य नाही. घरात नवा मिक्सर आला की आधी पॅच टेस्ट. धाकट्या बहिणीला स्थळ आले की पॅच टेस्ट. संत्र्याची बाग उभ्याने विकत घ्यायला व्यापारी दारात आला, तेव्हाही तिने ‘आधी एका झाडाचा तोडा करा, पैसे द्या, मग पुढचं बोलू’ असे सुचवले आणि बापाचे डोळे वटारलेले पाहून स्वयंपाकघरात गेली. व्यापारी हसला, इसार देऊन गेला आणि भाव पडल्यावर परतलाच नाही, ही गोष्ट त्या घरात आता कोणी काढत नाही.

बापलेकींचे एरवीही एका शब्दावरून जमत नाही. संत्र्याला तकाकी यावी आणि ते लवकर सुकू नये म्हणून त्याच्यावर मेणाचा पातळ थर देतात, त्याला या भागात ‘वॅक्सिंग’ म्हणतात. पार्लरमध्ये मेणाने हातापायांवरचे केस उपटण्यालाही तेच नाव आहे. एकात मेण लावून ठेवायचे आणि दुसऱ्यात लावून ओढायचे, एवढाच फरक; आकारमानानुसार प्रतवारी मात्र दोन्हीकडे आधी होते, असे तिचे म्हणणे, आणि वधूपरीक्षा पाहिलेल्या कोणालाही ते खोडून काढता आलेले नाही.

विक्रीच्या अभ्यासक्रमाने काकांच्या किराणा दुकानाची परीक्षा पाहिली. कोणती वस्तू कोणत्या फळीवर, किती रांगांत मांडावी याच्या नकाशाला ‘प्लॅनोग्राम’ म्हणतात, आणि जे डोळ्यांच्या उंचीवर ते आधी खपते हे त्यातील मुख्य सूत्र. त्यानुसार तिने फेसवॉश आणि क्रीम मधल्या फळीवर मांडून तूरडाळ, गूळ, चहापत्ती खाली उतरवली. गावातले गिऱ्हाईक मात्र आधी पायरीवर टेकते, पाणी मागते, चार घरांची चौकशी करते आणि मग यादी काढते. बसलेल्या माणसाचे डोळे खालच्या फळीशी येतात, त्यामुळे डाळ-गूळ खपला आणि फेसवॉशवर धूळ बसली. सूत्र खरे ठरले, फक्त पायरी हिशेबात नव्हती.

खरा तमाशा लग्नाच्या आदल्या रात्री होतो. वरबाप कलपाचे पाकीट घेऊन येतो, ती घड्याळ पाहते आणि म्हणते, ‘काकाजी, पॅच टेस्ट झाली नाही, परवा या.’ ‘अवं पोरी, उद्या पोरगं घोड्यावर बसन अन् तू मले परवा ये म्हणतं?’ हा प्रश्न दरवर्षी नव्या तोंडून येतो. काकाजी घरीच कलप लावतात, आणि एखाद्या साली त्यांचे कान इतके सुजतात की फेटा बसत नाही. वरातीत त्यांना डॉक्टरकडे घेऊन जाणारी तीच असते, हे येथे नाइलाजाने नोंदवले पाहिजे.

तिच्या वाट्याला मात्र असे अठ्ठेचाळीस तास आले नाहीत. केंद्र सरकारने २०१४ साली ग्रामीण तरुणांसाठी सुरू केलेल्या दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत तीन महिने नोकरी टिकली की ती ‘प्लेसमेंट’, म्हणजे लागलेली नोकरी, म्हणून मोजली जाते; सरकारी पॅच टेस्ट ती हीच, आणि पुरळ बहुधा चौथ्या महिन्यात उठते. नागपूरच्या मॉलमध्ये दिवसभर उभे राहायचे, खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे भरायचे आणि उरलेल्यात सणाला गावी यायचे, हे गणित चौथ्या महिन्यात बिघडले, तेव्हा ती पत्र्याची पेटी घेऊन नरखेडला उतरली. प्रशिक्षण केंद्राच्या भिंतीवर तिचा हसरा फोटो तसाच आहे. आता घराच्या पुढच्या खोलीत पडदा, आरसा आणि एक फिरती खुर्ची आहे. पाय भरून आलेली गिऱ्हाइकाची सासू त्या खुर्चीत बसते आणि ती स्वतः उभीच असते.

लग्नसराईत नरखेडला जाणाऱ्यांनी, कलप लावून घ्यायचा असल्यास, दोन दिवस आधी पोहोचावे. ती त्याआधी केसांना हात लावत नाही.