केरनिर्णय

दिवेलागणीनंतर केर काढू नये, काढल्यास लक्ष्मी बाहेर जाते, हा नियम सर्वश्रुत आहे. वाद आहे तो 'काढणे' या क्रियापदाच्या अर्थाविषयी. आणि तोही टोरांटोजवळ लेकीच्या घरी जाईपर्यंत आमच्या लक्षात आला नव्हता.

लेकीकडे सेंट्रल व्हॅक्यूम आहे. गॅरेजच्या भिंतीवर पिंपाएवढे यंत्र. तिथून दोन इंची पीव्हीसी पाइप भिंतींच्या पोटातून घरभर फिरवलेले. खोल्याखोल्यांत भिंतीला झाकणे. झाकण उचलून तीस फुटी नळी खुपसली की तिच्या टोकाची धातूची कडी आतल्या दोन बिंदूंना टेकते, २४ व्होल्टचे मंडल पुरे होते आणि तिकडे गॅरेजात मोटर घुमू लागते. इकडे नुसती सूं सूं. केर भिंतीतून पळतो. शेंगदाणा असेल तर आवाजावरून ओळखू येतो.

ही कल्पना नवी नव्हे. १९०१ साली लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथने केलेले यंत्र घरात मावतच नव्हते. घोडे ते ओढत आणायचे, ते रस्त्यावर धडधडत उभे राहायचे आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून आत जायच्या. सातव्या एडवर्डच्या १९०२मधल्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतले गालिचे त्यानेच झाडले. त्याच वर्षी पिट्सबर्गच्या फ्रिक बिल्डिंगमध्ये डेव्हिड केनीने वाफेवरचे यंत्र एका जागी बसवून पाइप इमारतभर नेले. शास्त्रदृष्ट्या हा फरक मोठा आहे. बूथच्या पद्धतीत केर उंबरठा ओलांडतो, यात शंका नाही. रात्री त्याला बोलावणे म्हणजे लक्ष्मीला घोडागाडीत बसवून देणे. केनीच्या पद्धतीत मात्र केर इमारतीतच राहतो. लेकीचे घर केनीच्या संप्रदायातले.

प्रश्न निकडीचा झाला तो डिसेंबरात. तिथे दिवस पावणेपाचला मावळतो, लेक सहाला घरी येते आणि नातू चिवडा सातला सांडतो.

पूर्वपक्ष मी मांडला. गॅरेज घराला जोडून, एकाच छपराखाली. ड्रम रिकामा होतो तीन-चार महिन्यांनी. तोवर केर घरातच. म्हणजे तो काढलेला नाही, सरकवलेला आहे. सबब दोष नाही.

उत्तरपक्ष आमच्या हिचा. मोटरची हवा बाहेर सोडणारा एक पाइप भिंतीतून थेट अंगणात निघतो, हे तिने पहिल्याच दिवशी हेरले होते. फिल्टरमधून निसटलेली धूळ त्यातून तत्काळ बाहेर पडते. "जाड केर ठेवला घरात, म्हणून काय झालं? लक्ष्मी काय जाड असते?"

यावर मजपाशी उत्तर नव्हते, आजही नाही.

उपप्रश्न स्वयंपाकघरातला. ओट्याखाली, अगदी जमिनीलगत, एक फट आहे. पायाने खटका सरकवायचा, फट उघडते, झाडूने केर तिथवर लोटायचा की गडप. ज्या केरसुणीला लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहायचे, चुकून पाय लागला तर नमस्कार करायचा, तिच्यासमोर लाथेने दार उघडायचे! हिने तोडगा काढला. महिनाभर तो खटका माझ्या काठीच्या टोकाने सरकवला गेला. काठी लागली की मला उठवले जाई.

आणि मग एका दुपारी हिच्या कुडीची फिरकी त्या फटीत गेली.

जावईबापूंनी ड्रम उतरवला, गॅरेजात वर्तमानपत्रे अंथरली आणि चार महिन्यांचा केर पालथा केला. करड्या लोकरीच्या गादीसारखा तो थर होता. आम्ही चौघे चिमटे घेऊन बसलो. लेगोचे तीन ठोकळे निघाले, राजम्याचा दाणा निघाला, एक बाळमोजा निघाला. तो नातवाला आता होत नव्हता. लेकीने तो झटकून खिशात ठेवला. फिरकी शेवटी सापडली ती केसांच्या गुंत्यात.

हिने ती फुंकून, पदराला पुसून जागच्या जागी बसवली. जावईबापू फावडे घेऊन पुढे झाले. हिने खिडकीबाहेर पाहिले. अंधारले होते.

"राहू द्या हो सकाळपर्यंत," ती म्हणाली.

त्या रात्री गाडी बाहेर बर्फात उभी होती.