चपला किती होत्या?

“काय गं, काल संध्याकाळी तुमच्याकडे गायला कोण आलं होतं?”

“कुणी नाही, काकू.”

“मला नको सांगूस. इथेच भिंतीपाशी कढीपत्ता तोडत होते. बाईंनी तानेआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकला. मग दाराकडे बघितलं, तर चपला तुमच्या दोघांच्याच!”

“अहो, त्या हिराबाई बडोदेकर. रेकॉर्ड लावली होती. ह्यांनी हॉलमध्ये कर्णे बसवलेत.”

“कर्णे? मांडवातले?”

“जात तीच, पण घरंदाज. पॉल क्लिप्श नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९४६ साली कोपऱ्यात बसणारा कर्णा विकायला काढला. त्याच धर्तीवर ह्यांनी सुताराकडून दोन करून घेतले. सव्वाचार फूट उंच! आतल्या आडव्यातिडव्या फळ्या बघून सुतार विचारतो, ‘साहेब, कोंबड्या पाळताय का?’”

“मग फळ्या कशाला गं?”

“रोज जेवताना ऐकून पाठ झालंय मला. खर्जाची लाट लांब. ४० हर्ट्झची म्हणजे साडेआठ मीटर! तेवढा कर्णा ठेवायचा कुठे? म्हणून तो पोटातल्या पोटात दुमडायचा आणि उरलेलं काम खोलीच्या भिंतींवर सोपवायचं. भिंतींचा कोपरा हाच कर्ण्याचा शेवटचा भाग. माझं शोकेस त्यापायी गॅलरीत गेलं!”

“पण आवाजाचं काय? आमच्या ह्यांची दुपारची झोप...”

“तीच तर गंमत. नातवाला मैदानातून हाक मारताना तुम्ही तोंडाशी हात धरता ना? ओरडणं तेवढंच, पण पोचतं लांब. साध्या स्पीकरला साठ वॉट लागतील, तिथे ह्याचं एका वॉटात भागतं. आतला पडदा जेमतेम हलतो, म्हणून आवाजाला ओढाताण नाही. हळू लावलं तरी तबल्यावर बोट कुठे पडलं ते कळतं.”

“म्हणजे दोष काहीच नाही?”

“आहे की! जुन्या रेकॉर्डची खरखरही तितक्याच इमानाने येते. आणि मधूनच गाणारी नाकात गातेय असं वाटतं. पण हे ह्यांच्यासमोर बोलू नका हं!”

“आज लावणार?”

“सहाला. काकांनाही घेऊन या.”

“येतो. चपला मात्र दारात नीट मांडून ठेवू. पलीकडच्या वहिनी मोजतातच!”