लस तयार, बाळ गैरहजर

आढावा बैठकीत लसीकरण कमी भरलं की कारण तयारच असतं: पालकांमध्ये जागृतीचा अभाव. फार सोयीचं कारण. त्याला गाडी लागत नाही, डिझेल लागत नाही, रिक्त पदही भरावं लागत नाही.

बीड जिल्ह्यातलं एखादं ऊसतोड्यांचं गाव घ्या. बाळ भाद्रपदात जन्मलं. पेंटा लसीचे तीन डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. पहिला येतो दिवाळीच्या आगेमागे, आणि नेमका तेव्हाच मुकादमाचा ट्रक गावात येतो. बाळ झोळीसकट गळीत हंगामाला निघतं. गावच्या यादीत त्याच्यापुढे शेरा पडतो, 'स्थलांतरित'. कारखान्याकडच्या उपकेंद्रात ते बाहेरगावचं, यादीत नावच नाही. दोन्ही याद्या बिनचूक! चूक त्या बाळाचीच. त्याने चैत्रात जन्मायला हवं होतं. अर्थात मग नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस पौषात आली असती, म्हणजे पुन्हा फडातच.

बरं, एखादी आई जागृत निघाली. खाडा करून, मुकादमाच्या शिव्या खाऊन, बाळाला घेऊन सत्राला पोचली. तिथे नवाच पेच. गोवर-रुबेलाची बाटली पाच डोसांची. पावडर एकदा पातळ केली की चार तासांत वापरायची, उरेल ती टाकायची. एकच बाळ आलं तरी बाटली फोडा, असं वरचं फर्मान आहे. वाया गेलेल्या डोसांचा खुलासाही वरूनच मागतात. नर्सबाई कोणाचं ऐकणार? त्या हळूच म्हणतात, "ताई, अजून दोन-तीन बाळं येऊ द्या, मग फोडू. नाहीतर पुढच्या महिन्यात या." पुढच्या महिन्यात तिची कोपी, म्हणजे झोपडी, दुसऱ्याच गावच्या शिवारात.

आशाताईंना बाळाचे पहिल्या वर्षाचे सगळे डोस पूर्ण झाले की १०० रुपये मिळतात. वर्षाचे हो, दिवसाचे नव्हेत! एक डोस फडात राहिला की तेही लटकले. तेवढ्या पैशांत त्यांनी घरोघरी फिरून यादी करायची, सासूबाईंची समजूत काढायची आणि पेंटानंतर बाळाला ताप आला की त्याच्या बापाची बोलणीही खायची.

आणि तरी लोक शंका घेतात म्हणे. ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. हा प्रकार कोणत्या रकान्यात भरायचा? 'पालकांचा नकार' असा रकाना असतो. पाजणाऱ्यांच्या जागृतीसाठी जागा ठेवायची राहून गेली असावी.

असो, उपाय ठरला आहे. जानेवारीत गावातून प्रभातफेरी निघेल. बॅनरवर मान्यवरांचे फोटो, खाली जमलं तर बाळाचाही. गावात तेव्हा म्हातारीकोतारी तेवढी उरलेली असतात, आणि लसीकरणाला त्यांच्यातल्या एकाचाही विरोध नाही.