बॉनेटखालचं थंड हवेचं ठिकाण

मोटारीच्या इंजिनाला गार हवा आवडते आणि चेन्नईत गार हवा फक्त टी. नगरच्या साड्यांच्या दुकानांत मिळते, ही गोष्ट माझ्या भाच्याला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे.

भाचा ओएमआर रस्त्यावरच्या एका कंपनीत आहे. नोकरी लागल्यावर त्याने सेदान घेतली, तीही ‘स्पोर्ट्स’ म्हणतात ती. शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टईला ह्युंदाई १९९८ पासून गाड्या काढते आहे, ओरगडमला रेनोचा कारखाना आहे, गाडीला टायर लागले तर एमआरएफही याच गावचं. पण चिरंजीवांनी घेतली ती चाकणला तयार झालेली. मराठी माणसाला मातीचा उमाळा येतो तो परमुलखात गेल्यावरच. दीड लिटरचं टर्बो इंजिन, १५० अश्वशक्ती. टोलनाक्याच्या रांगेत उभं राहायला एवढे घोडे पुरेसे आहेत, असं माझं मत. त्याचं मत निराळं होतं.

“मामा, गाडी गुदमरतेय.”

“कशानं?”

“कंपनीच्या एअर बॉक्सनं. तिला मोकळा श्वासच घेता येत नाही.”

चेन्नईच्या मे महिन्यात, कत्तिरीच्या उन्हात, मोकळा श्वास घेणारं कुणीही माझ्या पाहण्यात नव्हतं. तरी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. इंजिन पेट्रोलवर चालतं हा आपला गैरसमज, पेट्रोल हे नुसतं तोंडी लावणं आहे. १ किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. म्हणजे शंभरावर रुपये मोजून आपण जे १ लिटर पेट्रोल घेतो, त्याबरोबर सुमारे साडेनऊ हजार लिटर हवा इंजिन फुकटात ओढतं. या फुकटच्या मालासाठी पस्तीस हजारांची नळी बसवायची, असा भाच्याचा प्रस्ताव होता.

आता कारखानदारांची एक गंमत सांगतो. इंजिनाची ताकद मोजताना ते हवा २५ अंशांची धरतात. चेन्नईत २५ अंश म्हणजे मार्गळी महिन्यातली पहाट. त्या वेळी इथली माणसं कानटोप्या घालून फिरायला निघतात आणि बायका शाली पांघरून दारात कोलम काढतात. बाकीचे अकरा महिने १५० अश्वशक्तीतले काही घोडे सावलीला बसलेले असतात. शिवाय इथली हवा दमट. हवेत वाफ शिरली की तेवढी जागा प्राणवायूची जाते, आणि समुद्रकाठच्या घामट दिवशी अशी ३ टक्क्यांच्या आसपास जागा नुसतं पाणी अडवून बसलेलं असतं. भाच्याचा मुद्दा असा की, म्हणूनच गार हवा आणायची.

हे नळकांडं, म्हणजे इनटेक, दोन जातींत मिळतं. एका जातीत कंपनीचा बंद डबा काढून उघडा शंकूसारखा फिल्टर बॉनेटखालीच बसवतात. दिसायला झकास, लालभडक. पण तो हवा ओढतो ती इंजिनाच्याच कुशीतली. बाहेर ३५ अंश असताना आत ६० झालेले असले, तर तेवढ्याच जागेत ७ टक्के हवा कमी मावते. माणसाने मोकळ्या हवेसाठी खिडकी उघडावी आणि ती स्वयंपाकघरात उघडावी, तसा प्रकार. दुसऱ्या जातीत नळी लांब असते आणि फिल्टर खाली बंपरच्या कोपऱ्यात जातो, तिथे बाहेरचा वारा लागतो. भाच्याने अभ्यास करून दुसरी जात निवडली. या पोराने इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत थर्मोडायनॅमिक्सचा एवढा अभ्यास केला असता तर ताईला नवस बोलावे लागले नसते.

माउंट रोडला लागून जनरल पॅटर्स रोड आहे, इथल्या तोंडी जीपी रोड. सीट कव्हरपासून हत्ती ओरडावा तशा हॉर्नपर्यंत गाडीला जे जे लटकवता येतं ते सगळं तिथे मिळतं. आणखी थोडं एगमोरकडे गेलं की पुदुपेट, तिथे गाडीतून जे जे काढता येतं ते मिळतं. आम्ही पहिल्या प्रकारच्या ठिकाणी गेलो. मला का नेलं होतं ते तिथे कळलं: बॅटरी धरायला. मामाच्या हाती टॉर्च देण्याची प्रथा आमच्या घराण्यात जुनी आहे.

मेकॅनिक अण्णा शांत माणूस. बॅटरीची तार सोडवली, दहाच्या पान्याने चार बोल्ट काढले, सेन्सरची पिन हळूच ओढली आणि कंपनीचा काळा डबा उचलून बाहेर ठेवला. मग त्यातला फिल्टर उजेडात धरून पाहिला, परत पाहिला, आणि भाच्याला म्हणाला, “इदुवे नल्ला इरुक्के, सार.” हाच चांगला आहे की! इतकं स्वच्छ मत मी त्या रस्त्यावर दुसरं ऐकलं नाही. पण पैसे देऊन झाले होते. नवी नळी बसली, क्लिपा आवळल्या, आणि मध्येच दहाचा पाना इंजिनाच्या खोबणीत गडप झाला, तो शोधायला नळी लावायला लागला त्याहून जास्त वेळ गेला.

जुना डबा फेकायचा नसतो. ही गाडी सुधारणाऱ्यांची पहिली शपथ. वॉरंटीत सर्व्हिसिंगला जाताना आणि गाडी विकताना तो परत बसवतात. त्यामुळे तो आमच्या माळ्यावर आला आणि गौरीच्या मुखवट्यांच्या पेटीशेजारी स्थानापन्न झाला. “हे काय?” सौ.ने विचारलं. “फुप्फुस आहे, मामी,” भाचा म्हणाला. तिने त्यावर जुनी चादर घातली.

चाचणीला आम्ही बापूंना घेतलं. बापू खानापूर-आटपाडीकडचे, सावकारपेठेत गलाईचं दुकान. दुष्काळाला कंटाळून त्या भागातली माणसं जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा घेऊन देशभर गेली, तमिळनाडूत तर गावोगावी. बापूंचा जन्म भट्टीपुढे गेलेला. मूस, टाकणखार, काटा यांच्या पलीकडे ते कशावर विश्वास ठेवत नाहीत.

समुद्रकाठच्या ईसीआर रस्त्यावर भाच्याने गाडी दामटली. दोन हजार फेऱ्यांच्या पुढे बॉनेटमधून जोरकस ‘सूऽऽऽ’ आलं आणि पाय काढल्यावर ‘फिस्स’.

“बघा बापू! जाणवलं?”

“किती वाढलं म्हणायचं?”

“आठ-दहा हॉर्सपॉवर सहज.”

“कशावर मोजलं?”

“मोजलं नाही, पण जाणवतंच ना.”

“पाव्हणं, आमच्याकडं जाणवतंय म्हणून कुणी सोनं घेत न्हाई. टंच काढाय लागतो.”

मग त्यांनी मागच्या सीटवरून असा प्रश्न टाकला की पुढचे दोन सिग्नल भाचा गप्प होता. “भट्टीचा ब्लोअर वाढिवला तर इंधनबी वाढवाय लागतंय. नुसती हवा सोडली तर मूस थंड पडंल. तुमच्या गाडीत इंधन कोण वाढवतंय?”

नेमकं तेच. टर्बोच्या गाडीत किती दाबाची हवा आत घ्यायची हे ईसीयू नावाचा संगणक ठरवतो. फिल्टर थोडा अडत असला तर टर्बो थोडा जास्त फिरतो आणि ठरलेला दाब गाठतो. फिल्टर मोकळा केला तर थोडा कमी फिरतो आणि तोच दाब गाठतो. त्यातून टर्बो स्वतःच हवा दाबून इतकी तापवतो की तिला पुन्हा गार करायला पुढे इंटरकूलर लागतो. दारात गार हवेचं स्वागत करायचं आणि आत नेऊन तिला तापवायचं! संगणकाची समजूत बदलल्याशिवाय नळीचा फायदा नावापुरताच. भाच्याने याचा अर्थ लगेच लावला. “म्हणजे बापू, आता रिमॅप करावा लागणार.” बापूंनी खिडकीबाहेर पाहिलं.

तरी त्याने इरुंगाट्टुकोट्टईच्या रेसट्रॅकवर गाडी नेलीच. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा हा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक. त्याआधी याच मंडळींच्या शर्यती शोळावरमला महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. भाच्याची फेरीची वेळ सुधारली. का सुधारली यावर दोन मतं आहेत. भाच्याच्या मते इनटेकमुळे. सौ.च्या मते मागच्या खेपेस डिकीत राहिलेलं पोन्नी तांदळाचं २५ किलोचं पोतं या खेपेस घरी होतं.

हवेचा मोह मोठ्यामोठ्यांना सुटलेला नाही, हेही त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. जागतिक रॅलीत गाड्या फार जोरात जाऊ नयेत म्हणून टर्बोच्या तोंडाशी ३४ मिलिमीटरचं भोक असलेली चकती बसवायची सक्ती होती. हवा जाईल ती त्या भोकातूनच. १९९५ मध्ये टोयोटाच्या संघाने अशी जोडणी केली की नळी आवळली की चकती चोरून ५ मिलिमीटर मागे सरकायची आणि बाजूने जास्तीची हवा आत शिरायची. तपासायला नळी सोडली की सगळं आपोआप जागच्या जागी. स्पेनच्या कॅटालुनिया रॅलीत हे उघडकीला आलं आणि संघ वर्षभरासाठी बाहेर गेला. त्या वेळचे जागतिक संघटनेचे प्रमुख मॅक्स मोस्ले यांनी शिक्षा देता देता त्या कारागिरीचं कौतुकही केलं. भाचा ही गोष्ट अशा भक्तिभावाने सांगतो की ऐकणाऱ्याने चपला काढाव्यात.

माझा मात्र हळूहळू निराळा ग्रह होत गेला. पस्तीस हजार हवेचे नव्हतेच, ते ‘सूऽऽऽ’चे होते. कंपनीच्या डब्यात आतल्या आत छोटे कप्पे असतात, ते इंजिनाचा घुमणारा आवाज गिळून टाकतात. हुशार माणसं वर्षानुवर्षं डोकं खपवून गाडी गप्प करतात, आणि गिऱ्हाईक दुकानातून बाहेर पडताच पैसे देऊन तिला बोलती करतं. बीएमडब्ल्यूने तर २०११ च्या एम-५ मध्ये केबिन इतकी शांत केली की शेवटी स्पीकरमधून इंजिनाचा आवाज आत सोडावा लागला. त्या मानाने आमचा ‘सूऽऽऽ’ खरा तरी होता. पुण्याहून ताईने फोनवर तो ऐकला आणि विचारलं, “अरे, गाडीला दमा आहे का?”

कायद्याचाही धाक आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफारापाठी ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. गाळणी बदलली तर तो फेरफार होतो का, यावर आमच्या सोसायटीतले एक वकील आणि भाचा लिफ्टमध्ये बोलायला लागले की मी जिन्याने जातो.

आणि ती गाळणी धुवावी लागते! कापडी फिल्टर, त्याला तेल लावायचं, जास्त लागलं तर सेन्सर खराब, कमी लागलं तर धूळ आत. धुतल्यावर उन्हात ठेवायचा नाही, सावलीत वाळवायचा. चेन्नईच्या सावलीत रुमालसुद्धा वाळत नाही. म्हणून तो माझ्या खोलीत एसीखाली दोरीला टांगतात आणि मी हॉलमध्ये पंख्याखाली झोपतो. खरीखुरी गार हवा त्या फिल्टरला मिळते ती तेवढीच.

पण बंपरच्या कोपऱ्यात बसवलेल्या फिल्टरला चेन्नईत खरा शत्रू उन्हाळा नव्हे, पाऊस. साचलेल्या पाण्यातून गाडी घातली आणि फिल्टर बुडाला, तर इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळात पळ्ळिकरणैला गाड्या रस्त्यावरून वाहत गेलेल्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. त्या वादळापायी शहरात आयलंड ग्राउंड्सभोवती व्हायची रात्रीची मोटारशर्यतसुद्धा पुढे ढकलली गेली, ती पुढच्या ऑगस्टअखेर झाली.

म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये हवामान खात्याने इशारा देताच वेळचेरीकरांनी जे केलं ते साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं: गाड्या नेऊन उड्डाणपुलावर कडेला ओळीने लावून टाकल्या. पोलीस दंड करतायत अशी आवई उठली, पोलिसांनी ती खोटी ठरवली, ओळ आणखी लांबली. आमची सेदान त्या ओळीत सगळ्यात आधी लागलेल्यांपैकी. इनटेक बसवल्यापासून गाडीने गाठलेला हा पहिला नि:संशय नंबर.

१६ तारखेला लाल इशारा होता आणि आभाळ कोरडंठाक. पुलावर माणसं आपापल्या गाड्यांशी टेकून फिल्टर कॉफी पीत होती. शेजारच्या जुन्या मारुतीचे धोतर नेसलेले मालक बराच वेळ आमच्या गाडीकडे पाहत होते. भाच्याला राहवेना. त्याने बॉनेट उघडलं, गाडी सुरू केली आणि ॲक्सिलरेटर दाबून त्यांना तो ‘सूऽऽऽ’ ऐकवला. आजोबांनी कान जवळ नेला, डोळे मिटले, मान हलवली.

“तंबी,” ते म्हणाले, “एअर लीक इरुक्कु.”

भाच्याने त्यांना घनता, तापमान, टर्बो, टोयोटा, सगळं इंग्रजी-तमिळ मिसळून समजावलं. आजोबांनी एकही शब्द न तोडता ऐकून घेतलं, कॉफीचा टंबलर पुलाच्या कठड्यावर ठेवला आणि खिशातून कागद काढून आपल्या ओळखीच्या मेकॅनिकचा नंबर लिहून दिला.